सतरा नंबरची आठ भोकं

मोजणीच्या बाई गेल्या महिन्यात गेल्या. त्यांच्या भाचीचा फोन आला. ती म्हणाली, "काका, मावशी ऑफिसात नक्की काय करायची ते आम्हाला कधी नीट कळलं नाही. तुम्ही एकोणीस वर्षं तिच्या खोलीत होतात. चार पानं लिहून द्या, घरात राहतील." मी नाही म्हणालो. मला लिहायची सवय नाही. नोकरीत होतो तेव्हा रजेचा अर्जसुद्धा दुसऱ्याचा समोर ठेवून उतरवून काढायचो. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण हे, की मला बाईंबद्दल फारसं काही माहीतच नाही.

माहीत होतं ते इतकंच. त्या चहात साखर घेत नसत. त्यांच्याकडे दोन चष्मे होते, एक चालायचा आणि एक बघायचा. त्या पायी येत, पायी जात, आणि घर कुठे असं विचारलं तर हाताने मोघम एक दिशा दाखवत. घरी भाची आहे हेही मला कळलं ते ती एकदा त्यांचा विसरलेला डबा घेऊन आली म्हणून. माझी बायको यावरून अजून टोमणे मारते.

"एकोणीस वर्षं समोरासमोर बसलात, आणि त्यांना भावंडं किती ते माहीत नाही?"

"विषय निघाला नाही."

"एकोणीस वर्षांत?"

"आम्ही कामाचं बोलायचो."

तर मग कामाचंच लिहितो. तेवढं मला नक्की माहीत आहे. त्या कामात माझ्या हातून एक गोष्ट झाली, ती गाळून बाईंबद्दल लिहिणं म्हणजे लबाडी होईल.

आमची संस्था आकाशाचा अभ्यास करणारी होती, पण आमच्या खोलीतून आकाश दिसत नसे. तळमजल्यावरची लांबट खोली, रस्त्याच्या बाजूला दोन खिडक्या, समोरून दिवसभर खडीचे ट्रक जायचे. खोलीच्या मधोमध दिव्याचं टेबल होतं. वर दुधी काच, तिच्याखाली चार ट्यूबलाइट. टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाई. मी ड्राफ्ट्समन. आधी पुलांचे आणि गटारांचे नकाशे काढायचो, तिथून इकडे आलो. बाई मोजणीला होत्या. पंचविशीत असताना त्यांना तीन महिन्यांसाठी तात्पुरतं घेतलं होतं, आणि "ते तीन महिने अजून संपायचेत," असं त्या नोकरीच्या तेहेतिसाव्या वर्षीही म्हणायच्या.

सकाळी दिवे लावले की ते टेबल बारीक आवाजात गुणगुणायला लागायचं. आज घरी दुपारी सगळं सामसूम असताना फ्रिज तसा गुणगुणतो, आणि क्षणभर मला वाटतं, मान वर केली तर समोर बाई दिसतील, बघायचा चष्मा कपाळावर चढवून, चालायचा चष्मा शोधताना.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं नाव "रेघोटे" ठेवलं. "रेघोटे, तुमची पट्टी माझ्या हद्दीत आलीय." "रेघोटे, चहा निवतोय." मी त्यांना बाईच म्हणायचो. टोपणनाव ठेवायची माझी काय हिंमत.

सकाळचं त्यांचं पहिलं काम म्हणजे खिडक्या लावून घेणं, आणि दुसरं म्हणजे एका मऊ ब्रशाने काच झाडणं. त्यांचा तो ब्रश दुसऱ्या कुणी हातात घेतलेला चालत नसे. आमच्या कामात धुळीचा एक कण म्हणजे एक खोटा तारा. काच झाडताना त्या रोज तेच बोलायच्या, "तिथली धूळ पुरे आहे, इथली आणखी कशाला." एकोणीस वर्षांत मी हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल. तेव्हा कानाला ते ऐकूही येईनासं झालं होतं.

तिथली धूळ म्हणजे दीर्घिकांमधली. आमचं शेवटचं मोठं काम अशा बासष्ट दीर्घिकांचं होतं. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं एकेक गाव. या बासष्ट गावांत धूळ फार. नवे तारे तिथे भराभर जन्माला येतात आणि त्यांचा उजेड धुळीतच अडकतो. हे मला पुस्तकातून कधी कळलं नसतं. बाईंनी मला ते टेबललॅम्पवर समजावून सांगितलं. दिवा लावला आणि त्यावर माझा स्वेटर टाकला.

"उजेड दिसतोय?"

"नाही."

"आता स्वेटरला हात लावा."

"गरम आहे."

"झालं. एका उपग्रहाने ही ऊब मोजलीय. तिला अवरक्त म्हणायचं. त्या उबेत ही गावं झगझगीत दिसतात. दुसऱ्या उपग्रहाने स्वेटरच्या विणीतून जो थोडा उजेड निसटतो त्याचे फोटो काढले. नव्या ताऱ्यांचा कडक उजेड, अतिनील. तो हवेतून खाली पोचत नाही, म्हणून वर जाऊनच बघावा लागतो. तुम्ही उबेचा नकाशा काढायचा, मी निसटलेला उजेड मोजायचा."

"आणि माझा स्वेटर?"

"जळला नाही अजून. काढा."

कामाची रीत अशी होती. अतिनील फोटोची निगेटिव्ह बाईंकडे यायची. निगेटिव्हवर उजेडाच्या जागी काळा डाग दिसतो, म्हणून दीर्घिका म्हणजे एक काळपट पुंजका आणि तारे म्हणजे काळे ठिपके. मी एका पारदर्शक ट्रेसिंगवर त्याच दीर्घिकेचा उबेचा नकाशा काढायचो. डोंगराच्या नकाशात उंचीच्या असतात तशा एकात एक वेटोळ्या रेघा, आणि मधोमध, जिथे ऊब सर्वांत जास्त, तिथे बाईंच्या मोजणीसाठी एक गोल. आजूबाजूच्या दोनतीन ताऱ्यांच्या जागी बारीक फुल्या. मग ट्रेसिंग निगेटिव्हवर ठेवायचं, फुल्या ठिपक्यांवर बसवायच्या, आणि चार कोपऱ्यांत सुईने दोन्हींतून आरपार चार भोकं पाडायची. वरून काळ्या पुठ्ठ्याची चौकट. पुढे कधीही चौकट उघडली तरी भोकांत सुया घातल्या की सगळं पुन्हा जागच्या जागी. बाई त्या गोलातला काळेपणा यंत्राने मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. शेवटी या आकड्यांचा बासष्ट ओळींचा तक्ता छापायचा होता.

एक सवलत होती. निगेटिव्हच्या प्रती धुताना-वाळवताना जराशा आखडतात. म्हणून फुली ठिपक्यावर तंतोतंत बसली नाही तर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे करायची मला मुभा होती. अर्धा. माझी चूक या अर्ध्या मिलिमीटरमधूनच झाली.

बासष्टमधल्या बहुतेक ठिकाणी पुंजका माझ्या वेटोळ्यांच्या बरोबर मध्ये यायचा. काही ठिकाणी मात्र येईना. फुल्या ताऱ्यांवर चोख बसलेल्या, आणि पुंजका आपला वेटोळ्यांच्या बाहेर, एका कडेला. मला ते बघवेना. मी गटारांचे नकाशे काढलेला माणूस. मॅनहोल रेषेवरच असायला हवं. जिथे ऊब तिथे दिवा, दिवा शेजारच्या घरात कसा असेल? मी मनाशी म्हटलं, ही प्रत जरा जास्तच आखडली असावी. ट्रेसिंग चार मिलिमीटर सरकवलं, पुंजका मधोमध आणला, नवी चार भोकं पाडली. कसं छान दिसायला लागलं. जुनी भोकं आणि कडेच्या फुल्या चौकटीखाली झाकल्या गेल्या. कोणाला सांगावं असं त्यात काही आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. असं मी नऊ वेळा केलं.

त्या तीन वर्षांत त्या बासष्टजणी आमच्या घरच्यासारख्या झाल्या. चाळीस नंबर आळशी, कारण तिची निगेटिव्ह नेहमी उशिरा यायची. एकतीस नंबरमध्ये दोन दीर्घिका एकमेकींत घुसलेल्या होत्या. मी म्हटलं, टक्कर झालेली दिसते. बाई म्हणाल्या, "टक्कर कसली, जावा आहेत. एका स्वयंपाकघरात." सतरा नंबर बाईंची लाडकी होती. तिच्यात नुसती उबेचीच झळ, आणि अतिनीलमध्ये एवढासा पुंजका. बाई म्हणायच्या, "घुमी आहे. तुमच्यासारखी."

बाईंनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी एकदाच ऐकलं. निबंध छापून यायचे तेव्हा वर संशोधकांची नावं असायची, आणि शेवटी, बारीक अक्षरांत, मोजणीसाठी बाईंचे आभार. तोवर तीस वर्षं त्यांचं नाव त्या शेवटच्या ओळीत होतं. हे काम सुरू झालं तेव्हा आमचे प्रमुख खाली आले होते. उंच माणूस, स्वभावाने वाईट नाही, पण सतत घाईत, पाकिटांच्या पाठीवर हिशेब करणारे. बाई त्यांना म्हणाल्या, "साहेब, या तक्त्यावर माझं नाव वर यावं असं वाटतं. खाली बरीच वर्षं काढली."

प्रमुख हसले. म्हणाले, "येईल की. तक्ता तुमचाच आहे. फक्त तुमच्या निवृत्तीच्या आत पाठवायला हवा. हजेरीपटावर नसलेल्याचं नाव वर घालता येत नाही, नियम आहे."

बाईंची निवृत्ती तीन वर्षांनी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी होती. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर काही खूण केली नाही, पण त्या दिवसापासून त्या डबा खाताना वही उघडी ठेवायला लागल्या.

निवृत्तीला आठ आठवडे राहिले असताना सतरा नंबरच्या चौकटीत एक धुळीचा कण गेला. मी शपथेवर सांगतो, त्या दिवशी खिडकी मीच उघडली होती, उकडत होतं म्हणून. बाईंनी कण झाडायला चौकट सोडवली. ब्रश फिरवला. मग ब्रश थांबला.

"रेघोटे, सतरा नंबरला आठ भोकं आहेत."

मी मान वर न करता म्हटलं, "जुनी प्रत असेल. आधीच्या कामाची भोकं असतील."

"असतील," त्या म्हणाल्या, आणि चौकट परत बांधून टाकली.

पुढचा आठवडाभर त्यांनी एकेक करत बासष्टही चौकटी सोडवल्या. मी समोर बसून दुसऱ्याच कसल्यातरी कागदावर रेघा मारत होतो. नऊ चौकटी त्यांनी वेगळ्या काढून ठेवल्या. त्या नऊ त्यांनी जुन्या भोकांवर लावून बघितल्या, फुल्या ताऱ्यांवर चपखल बसल्या, पुंजके बाजूला गेले. मग त्यांनी ते नऊ गोल पुन्हा मोजले. मधोमध जवळजवळ काहीच नाही. पुंजका जिथे होता तिथे वेगळं मोजलं. वहीत एक नवा रकाना आखला आणि त्याच्या डोक्यावर लिहिलं, "बाजूला". मला एका शब्दाने पुन्हा विचारलं नाही. चहा मात्र रोजच्यासारखा माझ्या कपातही ओतत होत्या.

मग त्यांनी प्रमुखांना खाली बोलावलं. प्रमुख टेबलावर वाकले.

"बाई, ही चौकट सरकलीय."

"ताऱ्यांवर बसलीय, साहेब. तिन्ही फुल्या बघा."

"मग उजेड मधोमध का नाही?"

"नाहीच आहे. बाजूला आहे. नऊजणींचं असंच आहे."

"तीन वर्षं मधोमध होता, आणि आता सात आठवडे राहिल्यावर बाजूला गेला?" प्रमुखांनी चौकट उचलून दिव्यापुढे धरली. "आणि ही दुसरी भोकं कुणी पाडली?"

आता बाई माझ्याकडे बोट दाखवणार असं वाटलं.

"मी भोकं पाडत नाही, साहेब. मी मोजते," बाई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"मग कुठली खरी ते मी कशावरून ठरवायचं? उपग्रहाचा नेम चुकला असेल, तुमच्या हातून चौकट हलली असेल." मग प्रमुख जरा मऊ झाले. "डोळे थकतात, बाई. तेहेतीस वर्षं झाली. असं करा, आधीचे आकडे राहू द्या. परवा तक्ता पाठवून देतो. तुमचं नाव वर आहे, ते ठरलंय."

"आधीचे आकडे चुकलेत."

"नऊच तर आहेत, बासष्टमध्ये."

"नऊ चुकलेत हे मला माहीत आहे ना. मग त्यावर नाव कसं घालू?"

"बाई, थांबलात तर नियम आडवा येईल."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "थांबते."

प्रमुख गेले. बाईंनी ब्रश घेतला आणि झाडलेलीच काच पुन्हा झाडली.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. माझ्या एका वाक्याने काम झालं असतं: दुसरी भोकं माझी, पहिली खरी. मी सोळा दिवस मूग गिळून बसलो. नोकरी जाईल अशी भीती नव्हती. मला दुसरीच भीती होती, आणि ती सांगायला मला आजही संकोच वाटतो. त्या संस्थेत सगळे माझ्यापेक्षा शिकलेले. माझ्याजवळ एकच गोष्ट होती, की रेघोट्यांचं काम म्हणजे डोळे मिटून विश्वास ठेवावा असं सगळे म्हणत. तेवढंच जाणार होतं.

सोळाव्या दिवशी जेवताना बायको म्हणाली, "पंधरा दिवस झाले, ताटात बोटं फिरवताय नुसती. काय झालंय?"

मी सांगितलं. तिला दीर्घिका वगैरे काही कळल्या नसाव्यात, पण भोकांचं बरोबर कळलं.

"मग सांगून टाका की. नोकरी जाईल?"

"नाही."

"मग काय जाईल?"

मी आमटी वाढून घेतली. ती म्हणाली, "आणि त्या बाईंचं काय जातंय ते बघितलंत का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई खिडक्या लावत होत्या. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "बाई, ती दुसरी भोकं माझी आहेत. नऊच्या नऊ."

"माहीत आहे," त्या खिडकीची कडी लावत म्हणाल्या. "तुमची सुई डावीकडे तिरकी जाते. पहिल्या चारांतही तशीच गेलीय, दुसऱ्या चारांतही."

"मग मला विचारलंत कशाला?"

"विचारू नको? तुम्ही काय म्हणता ते बघायला नको?"

बाई जवळ आल्या आणि टेबललॅम्पकडे बघत म्हणाल्या, "तुमचं म्हणणं अगदीच खुळं नव्हतं हो. जिथे ऊब जास्त तिथे उजेड हवा. पण जिथे ऊब सर्वांत जास्त, तिथेच स्वेटर सर्वांत जाड. उजेड निसटणार तो कडेने, जिथे वीण उसवलीय तिथून. मलाही तीन वर्षं सुचलं नाही. तुमच्या भोकांमुळे सुचलं." मग नेहमीच्या आवाजात, "आता मला सांगून काय उपयोग. वर जा."

मी वर गेलो. प्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "का केलंत?"

"बरं दिसत नव्हतं, साहेब."

मग त्यांनी एक पाकीट ओढलं आणि त्यावर काहीतरी काढू लागले, एक गोल, गोलाच्या कडेला एक ठिपका. काढता काढता म्हणाले, "बाईंचं बरोबर असेल तर ही नऊ या तक्त्यातली सर्वांत महत्त्वाची आहेत." आणि मग म्हणाले ते ऐकून मला रडू यायचं बाकी राहिलं. "पण आता ती तुमच्या हातची चालणार नाहीत. नऊही ट्रेसिंगं पहिल्यापासून दुसऱ्या माणसाकडून काढून घ्यावी लागतील."

सर्वेक्षण विभागातल्या ड्राफ्ट्समनला ते काम दिलं. भला माणूस, पण त्याच्याकडे त्याचं स्वतःचं काम होतंच. तो एकेक ट्रेसिंग खाली आणून द्यायचा, बाई मोजायच्या. मी माझ्या बाजूला बसून पेन्सिलींना टोक काढायचो. त्याच्या ट्रेसिंगांवर पुंजके बाजूलाच गेले. नऊपैकी नऊ. काम संपायला लागले सदतीस दिवस. निवृत्तीला उरले होते तेहेतीस.

म्हणजे चार दिवस कमी पडले. मी सोळा दिवस गप्प बसलो होतो. ही वजाबाकी मी आयुष्यात इतक्या वेळा केली आहे, की आता ती करावी लागत नाही, आपोआप समोर येते.

त्या चार दिवसांत बाई आल्याच. हजेरीपटावर त्या नव्हत्या, म्हणून फाटकावरच्या पहारेकऱ्याने पाहुण्यांची वही पुढे केली. तो बिचारा ओशाळला होता. तेहेतीस वर्षं ज्यांना नमस्कार केला त्यांच्याकडून सही घ्यायची. वहीत "कोणाला भेटायचे आहे" असा रकाना होता. बाईंनी त्यात लिहिलं, "सतरा नंबर". पहारेकऱ्याने मला नंतर ते दाखवलं आणि विचारलं, "हे कोण साहेब? नवीन आलेत का?"

प्रमुखांनी बाईंच्या नावासाठी वरच्या कचेरीला पत्र लिहिलं. नियमात बसत नाही असं उत्तर आलं. ते कळलं तेव्हा बाई चौथ्या दिवशीची शेवटची चौकट बांधत होत्या. दोरीची गाठ पुरी करून त्या म्हणाल्या, "वर नाही तर खाली. जागा ओळखीची आहे." आणि बघायचा चष्मा डबीत ठेवला. तो त्यांनी पुन्हा तिथे काढला नाही.

त्यानंतर खोलीत मी एकटाच. खिडक्या मीच लावायचो. ब्रश बाई घेऊन गेल्या होत्या, मी दुसरा आणला, पण त्याचे केस गळायचे.

तक्ता वर्षभराने छापून आला. वर प्रमुखांचं एकट्याचं नाव होतं. मधे बासष्ट ओळी आणि "बाजूला" हा रकाना. शेवटी बारीक अक्षरांत मोजणीसाठी बाईंचे आभार, आणि त्याच ओळीत, स्वल्पविराम देऊन, रेखाटनासाठी माझे. आमची नावं एकमेकांशेजारी छापलेली ती एकच जागा. मी ती ओळ पाहिली आणि पान उलटलं.

एक प्रत बाईंना द्यायची होती. टपालाने पाठवता आली असती. पण मी पहारेकऱ्याकडून पत्ता घेतला आणि गेलो. त्यांनी हाताने जी दिशा दाखवली होती, घर त्याच्या बरोबर उलट्या बाजूला निघालं. अरुंद जिना, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकीखाली एक साधं टेबल, त्यावर भाचीच्या अभ्यासाची पुस्तकं आणि एका कपात, दांडा खाली करून ठेवलेला, तो ब्रश. भाची घरात नव्हती. बाई मला बघून गोंधळल्या, मीही गोंधळलो. दोघंही कामाशिवाय कधी बोललो नव्हतो, तेव्हा प्रत हातात होती हे बरंच झालं.

त्यांनी चष्मा बदलला. आपलं नाव कुठे आहे ते शोधलं नाही. सरळ तक्त्याचं पान काढलं आणि "बाजूला"च्या रकान्यावरून बोट खाली खाली नेलं. सतरा नंबरवर थांबल्या. तो आकडा ओठांत पुटपुटल्या.

"बरोबर छापलाय," त्या म्हणाल्या. "मला धास्ती होती, इथे काहीतरी घोळ घालतील."

मी त्या दिवशी एक वाक्य घोकून गेलो होतो. बाई, ते सोळा दिवस. एवढंच म्हणायचं होतं, पुढचं आपोआप आलं असतं. चहा झाला. त्यांनी विचारलं, टेबलाचा एक दिवा लुकलुकायचा तो बदलला का. मी म्हटलं, बदलला. त्यांनी विचारलं, चाळीस नंबरची नवी निगेटिव्ह आली का. मी म्हटलं, नाही आली. त्या म्हणाल्या, आळशीच आहे. आम्ही दोघं हसलो. मी ते वाक्य तसंच तोंडात ठेवून उठलो. पुन्हा येईन तेव्हा बोलू, असं मनाशी म्हटलं. मग पुन्हा जाणं झालंच नाही. वर्षं गेली, मीही निवृत्त झालो, आणि त्यानंतर एकदम भाचीचा फोन.

त्या दिवशी बाई मला सोडायला जिन्याच्या तोंडाशी आल्या होत्या.

"पायऱ्या अरुंद आहेत, रेघोटे. कठड्याला धरून उतरा."

"हो."

मी निम्मा जिना उतरलो असेन, तेव्हा वरून पुन्हा त्यांचा आवाज आला. "आणि खालचं दार ओढून घ्या. धूळ येते."

"ओढतो, बाई."